सलाईनची बाटली आणि शिरेतला घास

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. धरणाच्या कामासाठी वसवलेल्या वसाहतीतील बहुतेक घरे कोसळली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. मृतांचा आकडा पावणेदोनशेच्या वर गेला, जखमी दीड-दोन हजारांच्या घरात होते. कोयनेची वीज तुटल्याने मुंबईचे कारखाने थंडावले. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होतो काय, हा वाद त्यानंतर जगभर गाजला आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा त्या काळच्या एका साध्या वस्तूविषयी आहे : रुग्णाच्या उशाशी टांगलेली सलाईनची बाटली.

१९६७ साली आपल्याकडच्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात शिरेतून जे देता येत असे, त्याची यादी लहान होती. मीठपाणी, ग्लुकोजचे पाणी, रक्त आणि काही औषधे. शरीरातून गेलेले पाणी व रक्त यांमुळे भरून निघे आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले, यात शंका नाही. पण यांपैकी अन्न कशात होते?

पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम साखर असते. तिच्यातून मिळणारे उष्मांक सुमारे दोनशे. ज्वारीची एक मोठी भाकरी याहून अधिक देते. अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ माणसालाही दिवसाला दीड ते दोन हजार उष्मांक लागतात; म्हणजे केवळ बाटलीवर जगवायचे तर दिवसाला आठ-दहा लिटर पाणी शिरेत सोडावे लागेल. इतके पाणी मूत्रपिंड आणि हृदय दोघांनाही पेलणार नाही. मिठाच्या पाण्यात तर उष्मांक शून्य.

तरीही पाटणच्या डोंगरकपारीपासून जतच्या माळापर्यंत एक समज घट्ट रुजला आहे : सलाईन चढवले की ताकद येते. ताप उतरल्यावर, बाळंतपणानंतर, उन्हात राबून थकल्यावर ‘एक बाटली लावा’ असे डॉक्टरांना सांगणारी माणसे आजही भेटतात. या समजाला अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. शिरेतून अन्न देता यावे, ही इच्छा वैद्यकानेही तीनशे वर्षे बाळगली होती. ती पूर्ण झाली कोयनेचा भूकंप झाला त्याच वर्षी, आणि त्या गोष्टीचे एक टोक मिरजेच्या वाटेने जाते.

आरंभ महामारीपासून होतो. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेला पटकी पुढच्याच वर्षी दख्खनेत पोहोचला आणि १८३१-३२ पर्यंत इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये शिरला. तेथे लीथ या बंदरगावी टॉमस लॅटा नावाच्या डॉक्टराने १८३२ मध्ये मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडण्याचे धाडस केले. त्याची पहिली रुग्ण एक वृद्धा होती. बसलेले डोळे, थंड पडलेले हातपाय, नाडी लागत नव्हती. पाणी जाऊ लागले तशी ती बोलू लागली. लॅटा निर्धास्त होऊन निघून गेला; जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती दगावली. उपाय बरोबर होता, तो चालू ठेवायला हवा होता. आजच्या सलाईनचे मूळ या प्रसंगात आहे. ते पटकीवर शोधलेले औषध आहे. भुकेशी त्याचा संबंध मुळातच नव्हता.

भुकेसाठी शीर वापरण्याचे प्रयत्न मात्र याहून जुने. सतराव्या शतकाच्या मध्यास ख्रिस्तोफर रेन, जो पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा वास्तुशिल्पी म्हणून नावाजला, त्याने पिसाची पोकळ नळी आणि प्राण्याचे मूत्राशय वापरून कुत्र्याच्या शिरेत मद्य सोडले होते. एकोणिसाव्या शतकात टोरांटोच्या एडवर्ड हॉडर याने पटकीच्या रुग्णांना शिरेतून गाईचे दूध दिले. काही वाचले. आज ते वाचून अंगावर काटा येतो. पण रुग्ण डोळ्यांदेखत सुकत असताना डॉक्टरांपुढे दुसरा मार्ग नव्हता.

शिरेच्या वाटेत तीन अडथळे होते. साखर दाट केली की हातापायाची बारीक शीर भाजल्यासारखी सुजते आणि बंद पडते. तेल रक्तात मिसळत नाही. त्याचे थेंब फुप्फुसांत अडकतात. आणि प्रथिने जशीच्या तशी दिली तर शरीर त्यांना परके मानून उसळते. अन्नाचे तिन्ही मुख्य घटक असे दाराबाहेरच राहिले.

मग वैद्य दुसऱ्या दाराकडे वळले. चरकसंहितेत दूध आणि मांसरस घातलेल्या यापन बस्तींचे वर्णन आहे. युरोप-अमेरिकेतही गुदमार्गाने अन्न देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात सर्रास होती. १८८१ मध्ये गोळी लागलेले अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना कित्येक दिवस याच मार्गाने गोमांसाचा रस, अंडी आणि मद्य देण्यात आले. मोठे आतडे पाणी आणि मीठ शोषते, प्रथिने जवळजवळ नाहीतच, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी नव्हते. गारफील्ड यांचे वजन अडीच महिन्यांत प्रचंड घटले आणि ते गेले. मृत्यूचे कारण जंतुसंसर्ग असे नोंदले जाते; उपासमारीचा वाटा किती, यावर इतिहासकार अजून बोलतात.

इथे दख्खनेच्या दुष्काळाकडे वळणे भाग आहे. कारण भुकेल्या शरीराविषयीचे एक महत्त्वाचे ज्ञान त्यातूनच आले.

कोयनानगरला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावात आणि पुढे आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी-जतकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. (सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून निर्माण झाला, सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले.) १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात हा कोरडा पट्टा होरपळला. सरकारी प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असे ठरवले. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनीही हे माप माणसाला जगवणारे नाही, असे ठणकावून सांगितले.

मद्रासमध्येच अलेक्झांडर पोर्टर या डॉक्टराने दुष्काळात मेलेल्या शेकडो देहांची शवविच्छेदने केली, अवयव तोलले आणि निष्कर्ष पुढे ग्रंथरूपाने मांडले. उपासमारीने केवळ मांस झडत नाही, आतडीही पातळ होतात. पचवण्याची आणि शोषण्याची यंत्रणाच झिजते. मदत छावणीत पोहोचलेली, अन्न समोर आलेली माणसे जुलाबाने का मरत, याचे उत्तर त्यात होते. अन्न मिळाले, पण ते घेणारे आतडे उरले नव्हते. प्रश्न असा स्पष्ट झाला : आतडे निकामी असेल तर माणसाला कोणत्या वाटेने जेवू घालायचे?

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. कॅनडात जन्मलेले विल्यम वान्लेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, सांगलीत त्यांनी दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. त्यासाठी पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे धनी. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, पुन्हा दुष्काळ पडला, त्यामागून प्लेग आला, आणि १८९९ मध्ये आणखी एक दुष्काळ. मोठी शस्त्रक्रिया म्हटली की दक्षिण महाराष्ट्रात मिरजेचे नाव घेण्याची रीत त्या काळापासूनची.

अशा मुलखातल्या शल्यविशारदाच्या हाती कोणते उपाय होते? दूध, अंडी, पेज, विश्रांती आणि जमल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलणे. सुश्रुतानेही शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला हलके जेवू घालावे असे सांगितले आहे. अपवाद मुतखडा, भगंदर, मूळव्याध, मुखरोग, उदर अशा मोजक्या रोगांचा. पण ज्याचे जठराचे तोंडच व्रणाने बंद झाले आहे, ज्याच्या अन्ननलिकेत गाठ आहे, त्याला काय भरवणार? तो आधीच महिनोन्‌महिने उपाशी असतो. शस्त्रक्रिया हाच त्याचा उपाय, आणि ती सोसण्याचे बळ नेमके त्याच्याकडेच नसते.

हे बळ म्हणजे नेमके काय, हे मोजून दाखवण्याचे श्रेय क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली यांना जाते. १९३६ मध्ये त्यांनी पेप्टिक अल्सरसाठी शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची माहिती तपासली. वय, हृदयाची अवस्था, शल्यविशारदाचे कौशल्य, भुलीचा प्रकार हे सारे पाहिले. सर्वांत मोठा फरक निघाला तो वजनाचा. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांतले सुमारे ३३ टक्के दगावले. इतरांतले साडेतीन टक्के. वजनकाटा प्रत्येक रुग्णालयात होता. त्यावरचा आकडा शस्त्रक्रियेआधी विचारात घ्यावा, हे मात्र कोणाला सुचले नव्हते. उपाशी शरीर जखम भरायला लागणारे प्रथिन स्वतःच्याच स्नायूंतून काढते. त्यात श्वासाचे स्नायूही आले. टाके सुटतात, फुप्फुसात पाणी धरते, जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी पडतात. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी रुग्ण आठवड्याने जातो.

त्याच सुमारास रॉबर्ट एल्मन यांनी प्रथिनांचा अडथळा ओलांडला. प्रथिन आधीच पचवून, म्हणजे त्याचे अमिनो आम्लांत तुकडे करून, ते शिरेत दिले तर शरीर उसळत नाही, हे त्यांनी दाखवले. या द्रवाला हायड्रोलायझेट म्हणत. आणि त्याची मोठी कसोटी लागली ती हिंदुस्थानातच.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत के. व्ही. कृष्णन, नारायणन आणि शंकरन या संशोधकांनी रस्त्यावरून उचलून आणलेल्या, भुकेने मरायला टेकलेल्या माणसांना असा द्रव शिरेतून दिला. तर्क पोर्टरच्या काळचाच होता : आतडे निकामी आहे, तर ते वगळून जाऊ. त्यांचे निष्कर्ष आशादायक वाटले, इतके की १९४५ च्या वसंतात ब्रिटिश फौजा बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत पोहोचल्या तेव्हा हाच उपाय तेथे नेण्यात आला.

बेल्सनमध्ये तो फसला. जॅनेट व्हॉन यांच्या पथकाने सुई काढली की रुग्ण किंकाळ्या फोडत. छावणीत इंजेक्शनचा अर्थ मृत्यू असा होता. तोंडाने दिला तर हायड्रोलायझेटची चव घशाखाली उतरेना. बंगालच्या दुष्काळासाठी बनवलेले गोड मिश्रणही त्या लोकांना सोसेना. अखेर थोडेथोडे, वारंवार पाजलेले साय काढलेले दूध सर्वांत उपयोगी ठरले. बंगालहून बेल्सनला गेलेली ही वैद्यकीय वाट पोषणशास्त्राच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते. ती याहून अधिक जागेस पात्र आहे. निदान कलकत्त्याच्या त्या तिघांची नावे तरी तेथे यायला हवीत.

प्रथिनांचा प्रश्न असा अर्धा सुटला. तेलाचा सुटला स्वीडनमध्ये : आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल अंड्यातील फॉस्फोलिपिडच्या मदतीने इतके बारीक विरघळवले की थेंब रक्तात सुखाने वाहू लागले. साल १९६१-६२. अमेरिकेत मात्र सरकीच्या तेलाचे द्रव घातक ठरल्याने तेलावरचा विश्वासच उडाला होता. तेथे उरली ती साखर, आणि साखरेला लागत होती मोठी शीर.

फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात स्टॅन्ली डड्रिक हा तरुण शल्यविशारद शिकत होता. एकाच आठवड्याच्या शेवटी त्याच्या देखरेखीखालचे तीन रुग्ण गेले. तिघांच्याही शस्त्रक्रिया नीट पार पडल्या होत्या. आपले काय चुकले, हे विचारायला तो प्रमुखांकडे, जोनाथन ऱ्होड्स यांच्याकडे गेला. ऱ्होड्स यांनी सांगितले की रुग्ण शस्त्रक्रियेने गेले नाहीत. ते कुपोषणाने गेले. डड्रिकने पुढची वर्षे या एका उत्तरामागे घालवली.

त्याने शोधलेली युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. हाताची शीर म्हणजे ओढा. त्यात दाट साखर सोडली तर काठ जळतो. हृदयालगतची महाशिरा म्हणजे भर पावसातली कोयना. तिच्यात रक्ताचा लोंढा एवढा की रक्ताहून सहापट दाट द्रवही क्षणात पातळ होतो. तेथवर नळी नेण्याचा मार्ग, गळ्याच्या हाडाखालच्या शिरेतून, फ्रेंच डॉक्टर ओबानियाक यांनी १९५२ मध्ये दाखवलेलाच होता. डड्रिकने आधी बीगल जातीच्या सहा पिल्लांना केवळ शिरेतून खाऊ घातले. ती बहात्तर ते दोनशे छप्पन्न दिवस तशी राहिली आणि तोंडाने खाणाऱ्या आपल्या भावंडांसारखीच वाढली.

मग सहा प्रौढ रुग्ण आले, आतड्याच्या जुनाट दुखण्याने झिजलेले. आणि १९६७ च्या जुलैत एक तान्ही मुलगी. तिचे लहान आतडे जन्मतःच जवळजवळ नव्हते. शस्त्रक्रिया झाली, पण शोषायला काही उरले नव्हते. वजन चार पौंडांवर आले. डड्रिक आणि डग्लस विल्मोर यांनी तिच्या मानेतल्या शिरेतून नळी घातली, ती त्वचेखालून फिरवून कानामागे बाहेर काढली, आणि साखर, अमिनो आम्ले, क्षार, जीवनसत्त्वे असा सगळा घास त्या नळीतून दिला. पंचेचाळीस दिवसांत तिचे वजन साडेतीन पौंडांनी वाढले. डोक्याचा घेर वाढला. ती हसू लागली. तोंडावाटे काहीही न घेता एक मूल वाढत आहे, हे मानवी इतिहासात प्रथमच घडत होते. ती बावीस महिने जगली.

कोयनानगरच्या ढिगाऱ्यांतून जखमी काढले जात होते, तेव्हा ती फिलाडेल्फियात त्या नळीवर जगत होती. मिरजेच्या रुग्णालयाचा पैसा त्याच शहरातून आला होता, हा योगायोगच. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण पैसा आणि इमारत तिकडून इकडे यायला जे लागले त्याहून ही नळी येणे कितीतरी कठीण होते. तिच्यासाठी निर्जंतुक खोलीत द्रव मिसळणारे हात लागतात, रक्तातले क्षार रोज मोजणारी प्रयोगशाळा लागते आणि नळीच्या मुखाशी जराही घाण न होऊ देणारी परिचारिका लागते. यातले एक जरी चुकले तरी हृदयाशी थेट जोडलेली ती नळी जंतूंनाही थेट वाट देते.

दुसरा धोका जुनाच होता, दुष्काळी छावण्यांमधला. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर ओतली की इन्शुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जाते. थायमिन अपुरे पडते. हृदयाची लय बिघडते. १९८१ मध्ये वाइन्सियर आणि क्रमडीक यांनी शिरेतून जोमाने पोषण दिल्यामुळे दगावलेल्या दोन कृश रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. उपाशी माणसाला हळूहळू भरवावे, हे घरातली कोणतीही म्हातारी सांगेल. वैद्यकाला ते शिरेच्या बाबतीत नव्याने शिकावे लागले.

एव्हाना उत्साह इतका वाढला होता की अमेरिकेत शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट अशी नळी घालण्याकडे कल होता. त्याला लगाम घातला १९९१ च्या एका चाचणीने. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३९५ कुपोषित रुग्णांपैकी निम्म्यांना पोट-छातीच्या शस्त्रक्रियेआधी सात ते पंधरा दिवस शिरेतून पोषण दिले गेले. एकंदर मृत्यूंत फरक पडला नाही, उलट पोषण मिळालेल्यांत जंतुसंसर्ग अधिक झाला. फायदा दिसला तो केवळ अत्यंत कुपोषितांत : त्यांच्यातील जंतुसंसर्गाखेरीजच्या गुंतागुंती ४३ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आल्या. म्हणजे स्टडलीच्या वजनकाट्याने जे रुग्ण वेगळे काढले होते, जवळजवळ तेच.

आजचे सर्वमान्य मार्गदर्शन यातूनच तयार झाले. सहा महिन्यांत वजन १० ते १५ टक्क्यांहून अधिक घटले असेल तर शस्त्रक्रिया, अगदी कर्करोगाचीसुद्धा, एक-दोन आठवडे थांबवून रुग्णाला आधी भरवावे. आतडे चालत असेल तर आतड्यातूनच : नाकातून नळी किंवा पोटातून थेट लहान आतड्यात नळी. अन्ननलिकेच्या कर्करोगाने घास अडलेला रुग्ण या वाटेने दूध, अंडे, डाळीचे पाणी घेऊ शकतो, आणि तो खर्च कुटुंबाला पेलतो. शिरेची वाट राखून ठेवायची ती आतडे बंद पडले, फुटून वाहू लागले, सडल्यामुळे बहुतेक काढावे लागले, अशा वेळी. सातारा-सांगलीच्या मोठ्या रुग्णालयांतही अतिदक्षता विभागात ती आता वापरली जाते. रुग्णाच्या घरी महिनोन्‌महिने चालवणे मात्र खर्चामुळे आपल्याकडे फारच थोड्यांना जमते.

त्या पोषणाची पिशवी ओळखू येते. तिला तीन कप्पे असतात : एकात साखर, एकात अमिनो आम्ले, एकात तेल. आधीच मिसळून ठेवले तर ते टिकत नाहीत, म्हणून मधले पडदे ऐनवेळी दाबून फोडतात आणि सारे एकत्र करतात. सलाईनची बाटली पारदर्शक असते. ही पिशवी मिसळल्यावर दुधासारखी पांढरी होते. त्यात दूध नसते. तो पांढरेपणा तेलाचा, आणि अनेक पिशव्यांत ते तेल सोयाबीनचे असते. कराड-वाळव्याच्या शेतांत पावसाळ्यात पिकते ते.